आकडा ३८ झाला, बोट मात्र सुजलेलंच: सोरायसिसच्या संधिवातात व्हिटॅमिन डीचं काय करायचं

माझ्या पहिल्या रिपोर्टवर व्हिटॅमिन डीचा आकडा होता ९, आणि तो बघून घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं होतं. दुखण्याला नाव मिळालं होतं, औषध स्वस्त होतं, आठवड्यातून एक पुडी दुधात घालून प्यायची की झालं. उजव्या पायाचं चौथं बोट तेव्हा मुळापासून नखापर्यंत फुगलेलं होतं आणि सकाळी टाच जमिनीला टेकवत नव्हती. आठ पुड्या झाल्या, मग आणखी आठ. आकडा ३८ वर गेला. बोट होतं तसंच राहिलं.

दहा महिन्यांनी कोपरावरचे चट्टे दाखवायला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले होते. मी चप्पल अर्धवट घालून लंगडत आत आले, ते त्यांनी पाहिलं. चट्टे बाजूला ठेवून आधी पाय बघितला, मग हाताची नखं बघितली. सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिस या त्वचेच्या आजाराबरोबर येणारा संधिवात, हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मी भूगोलाची शिक्षिका, डॉक्टर नाही. पण या आजाराबरोबर अकरा वर्षं काढली आहेत, आणि सोलापुरात ‘तुझं डी बघितलंस का?’ असं विचारणारे रोज भेटतात. डी कमी असेल तर भरून काढायलाच हवं. मात्र ते भरून काढणं म्हणजे या संधिवाताचा इलाज नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत झाली म्हणून माझे दहा महिने गेले. खाली जे लिहिते आहे ते त्याच क्रमाने करा. डोस किती आणि किती दिवस, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

आधी दुखणं ओळखा, रक्त नंतर द्या

डी फार कमी झालं की हाडं मऊ पडतात. डॉक्टर त्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. ते दुखणं पसरट असतं. कंबर, मांड्या, नडग्या, बरगड्या असं सगळं ठणकतं, पण नेमकं कुठे ते बोट ठेवून दाखवता येत नाही. नडगीच्या हाडावर अंगठा दाबला की कळ येते. मांड्यांमधली ताकद जाते. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जिना चढताना कठडा धरावा लागतो. सांधे मात्र सुजलेले दिसत नाहीत.

सोरायसिसच्या संधिवाताची चाल वेगळी. सकाळी उठल्यावर सांधे अर्धा तास, कधी तासाहून जास्त आखडलेले राहतात. हालचाल केली की मोकळे होतात, बसून राहिलं की पुन्हा धरतात. एखादंच बोट अख्खं फुगतं. नखाला लागून असलेला शेवटचा सांधा धरतो. टाचेच्या मागची जाड शीर जिथे हाडाला चिकटते तिथे, किंवा तळव्याखाली दुखतं. काहींची कंबर पहाटे अशी आखडते की त्यानेच जाग येते. आणि नखं बघायला विसरू नका. माझी आई शिवणकाम करायची. तिच्या अंगुस्तानावर जसे बारीक खड्डे असत, तसे खड्डे माझ्या अंगठ्याच्या नखावर दोन वर्षं होते, आणि मी ते नेलपॉलिशखाली झाकत होते.

सोरायसिस असलेल्यांपैकी साधारण ३० टक्क्यांपर्यंत लोकांना हा संधिवात गाठतो. बहुतेकांना चट्टे आधी येतात आणि सांधे काही वर्षांनी धरतात, थोड्यांचं उलटं होतं. चट्टे नेहमी समोर दिसतील असंही नाही. टाळूवर, कानामागे, बेंबीत, पार्श्वभागाच्या खाचेत ते दडून बसतात आणि आपण त्याला कोंडा किंवा घामोळं समजतो. आणखी एक फसगत म्हणजे ‘आरए फॅक्टर निगेटिव्ह आहे, म्हणजे वात नाही’ हे वाक्य. आरए फॅक्टर ही रुमॅटॉइड नावाच्या दुसऱ्या संधिवातासाठी बघतात ती रक्ततपासणी. या आजारात ती बहुधा निगेटिव्हच येते, आणि सूज असूनही सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी तपासणी, नॉर्मल असू शकते.

दोन्ही दुखणी एकाच अंगात असू शकतात. माझ्यात होती. म्हणून एक आठवडा रोज वहीत तीन गोष्टी लिहा.

सकाळी किती वाजता उठलात आणि बोटं किती वाजता मोकळी झाली, ही पहिली. माझी खूण साधी आहे: कडक भाकरीचा तुकडा उजव्या हाताच्या चिमटीत मोडता आला की बोटं सुटली. दुसरी, जमिनीवरून हात न टेकता उठता आलं का. तिसरी, कुठलं बोट, कुठली टाच सुजली, आणि तिचा पहाटेचा फोटो. दुपारपर्यंत सूज उतरते आणि डॉक्टरांसमोर आपण खोटं बोलतोय असं वाटायला लागतं, म्हणून फोटो लागतोच.

फुगलेलं बोट किंवा अर्ध्या तासाहून जास्त आखडणं वहीत दिसलं, तर पुड्यांचे आठ आठवडे संपायची वाट बघू नका. रोगप्रतिकारक यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटलेली असते. आयर्लंडमधल्या २०१५ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं की तज्ज्ञापर्यंत पोचायला सहा महिन्यांहून जास्त उशीर झालेल्यांच्या सांध्यांची झीज जास्त होती. संधिवाततज्ज्ञ, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट, गाठा. ते लगेच मिळत नसतील तर त्वचेच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा. आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे सगळे ज्याला ‘सिव्हिल’ म्हणतात तिथे, त्वचाविभागाची ओपीडी आहे.

डीचं आणि या आजाराचं नातं किती?

नातं आहे, पण फार्मसीच्या काउंटरवर सांगतात तेवढं जवळचं नाही.

१९८५ मध्ये जपानमधल्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिकत छापली. हाडं ठिसूळ झाली म्हणून त्याला डीचं एक क्रियाशील रूप दिलं होतं, आणि त्याचा सोरायसिस बरा झाला. त्या धाग्यावरून पुढे डीसारख्या रेणूंची मलमं आली, ती आजही वापरतात. १९९० मध्ये सोरायटिक आर्थ्रायटिसच्या दहा रुग्णांना क्रियाशील डी पोटातून देऊन पाहिलं, त्यातल्या काहींना बरं वाटलं. पण रुग्ण दहाच, तुलनेला दुसरा गट नाही, आणि काहींच्या लघवीत कॅल्शियम वाढलं. एवढ्यावर इमारत उभी राहत नाही.

पुढे बऱ्याच पाहण्यांमध्ये दिसलं की सोरायसिस आणि हा संधिवात असलेल्यांत डी कमी असतं. पण कशामुळे काय? मी स्वतःकडे बघते तेव्हा उत्तर उलट्या बाजूने येतं. चट्टे दिसू नयेत म्हणून मी पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज घालायला लागले. पाय दुखतो म्हणून बाहेर जाणं कमी झालं. वजन वाढलं, आणि डी चरबीत जाऊन बसतं. शिवाय अंगात सूज जोरात असताना रक्तातला आकडा थोडा खाली दिसू शकतो. म्हणजे आजारामुळेच डी कमी, असंही असू शकतं.

देऊन बघितलं तर काय होतं? नॉर्वेतल्या ट्रॉम्सोमध्ये, जिथे हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही, सोरायसिसच्या १२२ जणांवर असा प्रयोग झाला. अर्ध्यांना थंडीभर डी दिलं, अर्ध्यांना बिनऔषधी गोळी. २०२३ मध्ये निकाल छापून आला. चट्ट्यांमध्ये फरक नाही. दुसरीकडे अमेरिकेत पंचवीस हजारांहून जास्त प्रौढांना सुमारे पाच वर्षं रोज २००० युनिट देऊन पाहिलं. त्या गटात रोगप्रतिकारक यंत्रणा उलटल्यामुळे होणारे आजार २२ टक्के कमी निघाले, हे २०२२ मध्ये छापून आलं. पण तो प्रश्न आजार टळतो का असा होता. झालेला आजार बरा होतो का, हे त्यातून कळत नाही.

मग भरून का काढायचं? हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. या आजारात काहींच्या पोटात कधी ना कधी स्टेरॉइड जातं, ते हाडं पोखरतं. शिवाय मऊ हाडांचं दुखणं बाजूला झालं की उरलेलं दुखणं संधिवाताचंच, हे डॉक्टरांना स्पष्ट दिसतं आणि औषध ठरवणं सोपं जातं. माझ्या बाबतीत पुड्यांनी मांड्यांमधली ताकद खरंच परत आली. बोटाला काही झालं नाही, एवढंच.

रक्ततपासणी

तपासणीचं नाव नीट सांगा: २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. याच नावासारखी १,२५-डायहायड्रॉक्सी अशी दुसरी तपासणी असते. ती महाग असते आणि शरीरातला साठा दाखवत नाही. उपाशी जाण्याची गरज नाही.

नखांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर निदान दोन दिवस आधी बंद करा आणि लॅबमध्ये तसं सांगा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे डीचा आकडा खोटाच वाढलेला दिसतो. खड्डे पडलेल्या नखांसाठी ही गोळी कुणी ना कुणी सुचवतंच, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरमध्ये असेल तर २० च्या खाली म्हणजे कमतरता, हे बहुतेक सगळे मानतात. २० ते ३० मधल्या जागेवर तज्ज्ञांचंच एकमत नाही. लॅबच्या कागदावर ३० च्या खालचं सगळं ठळक छापतात, त्याने घाबरू नका. रिपोर्ट नॅनोमोलमध्ये असेल तर अडीचने भागा. ५० नॅनोमोल म्हणजे २० नॅनोग्रॅम.

त्याच रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कळतं) आणि अल्कलाइन फॉस्फटेज (हाडं मऊ पडली की वाढतं) करून घ्या. आकडा १० च्या खाली असेल तर डॉक्टर पीटीएच, म्हणजे कॅल्शियम सांभाळणाऱ्या संप्रेरकाची तपासणी, सांगतील. पुडी सुरू करण्याआधी कॅल्शियम माहीत असणं मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

साठ हजारची पुडी

आपल्याकडची नेहमीची रीत म्हणजे कोलेकॅल्सिफेरॉल, ६०,००० युनिट, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. नंतर महिन्याला एक, किंवा रोज १००० ते २००० युनिटची गोळी. साठ हजार हा आकडा अवाढव्य वाटतो, पण वजनात तो जेमतेम दीड मिलिग्रॅम आहे. वजन जास्त असेल तर डॉक्टर मात्रा वाढवतात.

उपाशीपोटी घेऊ नका. डी स्निग्धात विरघळतं. दुपारच्या जेवणाबरोबर, ज्यात थोडं तेल-तूप असेल, तेव्हा घ्या. आपल्याकडे शेंगदाण्याची चटणी तेल घालून खाल्ली जाते, तेवढं स्निग्ध पुरतं.

आता खरा धोका. पुडी आठवड्याची आहे, रोजची नाही. आणि या आजारात दुसरं एक औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं: मेथोट्रेक्सेट. ती गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, रक्तपेशी कोसळतात. म्हणजे आपल्या घरात आठवड्याच्या दोन वस्तू आणि रोजच्या चार-पाच, असा गुंता असतो. मी कालनिर्णयवर दोन रंगांनी लिहिते. मेथोट्रेक्सेट सोमवारी लाल पेनने, डी गुरुवारी निळ्याने, आणि घेतल्यावर त्या चौकोनावर काट मारते. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला देतात ते फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी. घरातलं दुसरं कुणी गोळ्या काढून देत असेल तर त्यांनाही हे रंग माहीत हवेत.

कॅल्शियमच्या गोळीचं पाकीट उलटून वाचा. बऱ्याच गोळ्यांत कॅल्सिट्रिऑल ०.२५ मायक्रोग्रॅम घातलेलं असतं. ते डीचं तयार, क्रियाशील रूप आहे. पुडीही चालू, ही गोळीही चालू, वर कुणीतरी दिलेलं टॉनिक, असं झालं की कॅल्शियम वाढू शकतं. भूक मरणं, मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, डोकं गुंगल्यासारखं वाटणं, ही त्याची लक्षणं. मे महिन्यात सोलापुरात तहान सगळ्यांनाच लागते, त्यामुळे ते सहज दुर्लक्षित होतं. रक्तातला डीचा आकडा १५० च्या पुढे गेला की विषबाधेची भीती खरी असते, आणि तो उन्हाने कधीच तिथे जात नाही, पुड्यांनीच जातो.

‘एकदाच सहा लाखांचं इंजेक्शन मारून टाका’ असं सुचवणारे भेटतील. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट तोंडाने दिले, तर त्यांचं पडणं आणि हाड मोडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. २०१० चा तो अभ्यास आहे. मी तेव्हापासून थोडं थोडं या मताची.

डॉक्टरांना न विचारता पुडी सुरू करू नये अशी माणसं: ज्यांना मुतखडा झालेला आहे, ज्यांच्या मूत्रपिंडांचं काम कमी आहे, ज्यांना टीबी किंवा सार्कॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होण्याचा आजार) आहे, आणि जे रक्तदाबासाठी थायझाइड जातीची गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेतात. टीबीचा एक पदर आपल्याशी थेट जोडलेला आहे. संधिवातासाठी बायोलॉजिक इंजेक्शन, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेचा नेमका एक दुवा अडवणारं औषध, सुरू करण्यापूर्वी सुप्त टीबी तपासतात, आणि तो निघाला तर रिफॅम्पिसिन देऊ शकतात. हे औषध शरीरातलं डी लवकर संपवतं. फिटच्या काही जुन्या गोळ्याही, फेनिटोइन आणि कार्बामॅझेपिन, तेच करतात.

ऊन: कोवळं नको, सावली मोजा

‘सोलापुरात राहून डी कमी? उन्हाचं गाव आपलं!’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर पाठ झालंय. ऊन गावाला लागतं, कातडीला लागत नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये बारा तास उभा राहणारा माणूस, घरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई, ऑफिसात काचेआड बसणारा कारकून, या तिघांनाही ते मिळत नाही. काचेतून ऊब येते, पण डी बनवणारे यूव्ही-बी किरण अडतात.

आणि कोवळं ऊन. सिद्धेश्वर तलावाभोवती सकाळी सात वाजता फिरणारे मला सांगतात की आम्ही कोवळं ऊन घेतो. फिरणं उत्तम आहे, सांध्यांना तेच हवं. डी मात्र त्यातून जवळजवळ मिळत नाही. सूर्य तिरपा असला की किरणांना हवेच्या जाड थरातून यावं लागतं, आणि ओझोन यूव्ही-बी गाळून टाकतो.

यासाठी वर्गात शिकवायचे ती काठीची गोष्ट कामाला येते. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल तर ते ऊन डीसाठी फारसं उपयोगाचं नाही. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की डी बनायला लागतं. सोलापूर साधारण १७ अंश ४० मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे इथे ही वेळ वर्षभर रोज येते, पण सारख्या वेळी नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्ताचं आणि आपण जवळपास ७६ वर, म्हणून सूर्य माथ्यावर यायला इथे बाराऐवजी साडेबाराच्या आसपास वाजतात.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, जेव्हा इथे शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा सकाळी सव्वानऊलाच सावली उंचीपेक्षा आखूड होते. त्यामुळे मेमध्ये भर दुपारी गच्चीवर जायचं काहीच कारण नाही. साडेनऊचं ऊन पुरे, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत उष्माघात ओढवून घेऊ नका. डिसेंबरात हेच गणित आवळतं. तेव्हा साधारण सव्वाअकरा ते दीड एवढ्याच वेळात सावली आखूड असते. जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत दुपारी बाराला फिरलात तर ते ऊन कामाचं आहे, संध्याकाळचं नाही.

माझी पद्धत सांगते. गच्चीवर टाकीच्या आडोशाला जुनी चादर अंथरायची, बाह्या कोपराच्या वर, साडी पोटरीपर्यंत, आणि तोंडावर टॉवेल. चेहऱ्याची कातडी लहान आणि नाजूक, तिच्याकडून डीची अपेक्षा ठेवू नये. मेमध्ये दहा मिनिटं, डिसेंबर-जानेवारीत पंचवीस ते तीस, आठवड्यातून चार दिवस. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांच्या मिनिटांवर जाऊ नका. मी पहिल्या आठवड्यात पाच मिनिटांपासून सुरुवात केली. खाली उतरल्यावर तासाभराने कातडी लाल किंवा चुरचुरणारी वाटली तर ते जास्त झालं.

आपल्या बाबतीत जास्त झालेलं महागात पडतं. सोरायसिसमध्ये जिथे कातडीला इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो. ओरखडा असो, चटका असो की उन्हाने भाजणं. बहुतेकांचे चट्टे उन्हाने निवतात, पण काहींचे चिडतात. दोन आठवड्यांत कळतं, तुम्ही त्यातले असाल तर ऊन सोडा, पुडी आहेच. डॉक्सिसायक्लिन, हायड्रोक्लोरोथायझाइड, नॅप्रोक्सेन, पिरॉक्सिकॅम यांसारख्या औषधांवर असताना कातडी लवकर भाजते, हेही ध्यानात ठेवा. त्वचाविभागात नॅरोबँड यूव्ही-बीची फोटोथेरपी चालू असेल तर वेगळं ऊन घ्यायची गरज नाही. त्या दिव्याने चट्ट्यांवर उपचार होतो आणि डीही वाढतं.

९ वरून ३० वर जायला एकटं ऊन पुरणार नाही. चढायला पुडी, चढलेलं टिकवायला ऊन, असं मी धरून चालते.

ताटात काय

फार काही नाही. अंड्याच्या एका बलकात साधारण ४० युनिट. निळं ‘+एफ’ चिन्ह असलेल्या पिशवीच्या दुधात डी घातलेलं असतं, लिटरला २०० ते ३०० युनिट, म्हणजे पेलाभर दुधातून ५० च्या आसपास. मोठ्यांची रोजची गरज ६०० युनिट. शाकाहारी घरात हे गणित जुळत नाही, हे मान्य करून टाकावं.

ताटाचा खरा उपयोग कॅल्शियमसाठी. डी आलं आणि कॅल्शियम नसेल तर हाड कशाने भरणार? मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. मंगळवेढ्याची ज्वारी कितीही गोड असली तरी तिच्यात कॅल्शियम जेमतेम आहे. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या वर, तिळात बाराशेच्या आसपास, दुधात १२०. मी भाकरीच्या पिठात चौथा हिस्सा नाचणी घालते आणि भाकरीला तीळ लावते. सासूबाईंना काळी भाकरी आवडली नव्हती, आता मागून घेतात.

मलम हेसुद्धा डीच, पण वेगळं

कॅल्सिपोट्रिऑल हे डीसारखंच घडवलेलं रसायन, चट्ट्यांवर लावायचं. कधी त्यात बीटामेथासोन मिसळलेलं असतं. याने रक्तातला डीचा आकडा वाढत नाही आणि सांध्यांवर परिणाम होत नाही, पण चट्ट्यांवर चांगलं चालतं. आठवड्याला १०० ग्रॅमच्या वर वापरू नये, नाहीतर कॅल्शियम वाढू शकतं. त्याच जागी त्याच वेळी सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं मलम लावू नका, त्याने ते निकामी होतं. फोटोथेरपी किंवा ऊन घ्यायचं असेल तर हे नंतर लावा, आधी नाही. लावल्यावर हात धुवा आणि तोंडाला लागू देऊ नका.

आणि जडीबुटीच्या काळ्या गोळ्या. त्यांनी चार दिवसांत सांधे मोकळे झाले तर संशय घ्या, बऱ्याचदा आत स्टेरॉइड असतं. ते एकदम बंद केल्यावर सोरायसिस अंगभर उसळू शकतो. चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, गोळी घेऊन डॉक्टरांकडे जा.

तीन महिन्यांनी

पुडी सुरू केल्यापासून बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या, शक्यतो त्याच लॅबमध्ये. डीचा साठा रक्तात हळूहळू बदलतो, तिसऱ्या आठवड्यात तपासून फक्त पैसे जातात. बरोबर कॅल्शियम आणि क्रिएटिनिन.

आकडा वर गेला आणि मांड्यांची ताकद, नडग्यांचं दुखणं सुधारलं, तर डीचं काम झालं, पुढे सांभाळण्याचा डोस. आकडा हललाच नाही तर आधी चुकलेल्या पुड्या मोजा, मग उपाशीपोटी घेतल्या का ते आठवा. त्यानंतरही उत्तर मिळालं नाही तर आतड्यांचा विचार करावा लागतो. या संधिवाताबरोबर काहींना आतड्यांची सूजही असते. बरेच दिवस पातळ शौच, पोटदुखी, वजन घटणं असेल तर ते आपणहून सांगा, डॉक्टर सांध्यांबद्दल बोलताना पोटाचं विचारतीलच असं नाही.

आकडा वर गेला आणि बोट तसंच सुजलेलं राहिलं, तर डोस वाढवून मागू नका. तिथे मेथोट्रेक्सेटसारखं किंवा त्याच्या पुढचं औषध लागतं, आणि ते ठरवणारा डॉक्टर वेगळा असतो. मी पुण्याला जाते. पिशवीत तीन महिन्यांची वही, सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं (टॉनिकची बाटलीसुद्धा), दोन्ही वेळचे डीचे रिपोर्ट आणि छातीचा जुना एक्स-रे. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची तर चारला उठावं लागतं. तेव्हा बोट सर्वांत जास्त फुगलेलं असतं, म्हणून दिवा लावला की आधी फोटो काढते आणि मग चहा टाकते. पुण्यात नंबर लागेपर्यंत सूज निम्मी उतरलेली असते. डॉक्टर बोट बघतात, मग मोबाइल मागून घेतात आणि फोटो मोठा करून बघतात.